स्विंगच्या मापाचा क्लब

रविवारी व्याह्यांना गोल्फमध्ये एकदा तरी हरवायचंच, म्हणून आमच्या दादाने नवा हायब्रिड क्लब, म्हणजे चेंडू मारायची नव्या धाटणीची काठी, घ्यायचं मनावर घेतलं. दुकानातल्या जाळीसमोर तो एकेक क्लब फिरवून बघत होता आणि दर वेळी वहिनी ओरडत होत्या, "अहो, हळू! मागे काचेचं कपाट आहे!" दादा बिचारा अंग चोरून चेंडू मारायचा.

शेवटी एका क्लबने चेंडू सुतासारखा सरळ गेला. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्या अशा सावकाश स्विंगला हाच बसतो." दादाने तो तान्ह्या बाळासारखा जपून घरी आणला.

रविवारी मोकळं मैदान मिळताच दादाने अंगातला सगळा जोर लावला. पहिला चेंडू तळ्यात गेला, दुसरा झुडपात.

"क्लब नवा दिसतोय, पण खेळ जुनाच की हो!" व्याही मिशीतल्या मिशीत हसले.

दादाने घाम पुसला, घरी फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो गवतावर ठेवला.



"अगं, आत्ता काही विचारू नकोस. जरा दुकानातल्यासारखं 'मागे काचेचं कपाट आहे' म्हणून ओरड बघू!"