दारात एक माणूस

अश्लेषाने चपला काढल्या आणि वडिलांच्या अगदी जवळून ती आत गेली. ती वास घेत होती. श्रीनिवासच्या ते लक्षात आलं. त्याच्या अंगाला लाकडाच्या भुशाशिवाय कसलाच वास नव्हता.

"इथून चालले होते," ती म्हणाली.

ऑफिस हार्बरफ्रंटला, घर सेंगकांगला. तरी हल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाचं, वडिलांचं जुराँग तिच्या वाटेत फार वेळा येत होतं.

"पाणी पिते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. आधी कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं, मग नळ.

श्रीनिवास बॉम्ब शेल्टरमध्ये परतला. इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये असते तशी ती काँक्रीटच्या भिंतींची, जाड पोलादी दाराची लहानशी खोली होती. लोक तिच्यात अडगळ ठेवतात. त्याच्या बायकोने, अरुणाने, आपला आडवा डीप फ्रीझर ठेवला होता. ती गेल्यापासून तो नुसता घरघरत होता. आता त्याचं झाकण काढलेलं होतं आणि काठावर नवी लाकडी चौकट बसवलेली होती. चौकटीला पुढच्या बाजूने तीन भोकं होती.

अश्लेषा ग्लास घेऊन दाराशी आली.

"आईचा फ्रीझर फोडलास?"

"फोडला कुठे? अंगाला हात लावलेला नाही, त्याच्या आत गॅसच्या नळ्या असतात. म्हणून तर ही चौकट. बिअरची पिंपं आत राहणार, नळ बाहेर. झाकण परत वर बसेल."

"म्हणजे आता घरी बसून एकटा पिणार?"

"तीन नळ आहेत. मला तोंड एकच आहे."

ती हसली नाही. तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं. तिथे करड्या रंगाचा सिलिंडर उभा होता.

"हे काय आहे?"

"सी-ओ-टू. दाबाशिवाय बिअर नळातून येत नाही."

अश्लेषाने ग्लास चौकटीच्या काठावर ठेवला. जहाजावर इंजिनरूमची आग विझवायला हाच गॅस सोडतात, आणि आत कोणी गुदमरायला राहू नये म्हणून सोडण्याआधी माणसं मोजतात, हे तिला माहीत होतं. लहानपणी जेवताना श्रीनिवासनेच सांगितलं होतं. चीफ इंजिनिअर होता तो.

"हॉलमध्ये का नाही ठेवत?"

"फ्रीझर आधीपासून इथेच आहे."

"बाबा, केवढीशी खोली ही. दार बघ कसलं आहे. त्यात हा गॅस. आणि मला सांगतोयस बिअर! सणासुदीला एक ग्लास घेणारा माणूस तू."

"मग?"

"मग सरळ सांग."

"काय सांगू?"

तिने दाराच्या कडेवर हात ठेवला. "तू स्वतःला काही करून घेणार नाहीस ना?"

श्रीनिवास स्टुलावर बसला. स्क्रूड्रायव्हर त्याने मांडीवर ठेवला.

"कचऱ्याचा डबा उघडण्याऐवजी हेच आधी विचारायचंस."

"विचारलं असतं तर खरं बोलला असतास?"

मग उठून त्याने सिलिंडर तिच्याकडे वळवला. तोंडावरचं प्लास्टिकचं सील तसंच होतं.

"मागच्या आठवड्यात आणलाय."

"आणि अजून लावला नाहीस? तू? तुला नवीन पंखा आणला तर जेवणाआधी लावायचा असतो."

"एकट्याने कसा लावू?" ती काहीतरी अडाण्यासारखं बोलल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "बंदिस्त जागेत एकट्याने गॅस उघडत नाहीत. एक माणूस आत, एक दारात. हे न पाळणाऱ्या पोरांना मी बोटीवरून घरी पाठवलंय."

"मग कोणाला तरी बोलवायचं."

"बोटीवरच्या विलासला म्हटलं होतं. येतो म्हणाला. आला नाही." तो चौकटीवरून अंगठा फिरवत राहिला. "तुझी आई होती तेव्हा तिच्या सुरमईसाठी सगळे यायचे. आता माझं तोंड बघायला कोण येणार? म्हटलं, बघू, बिअरला तरी येतात का."

"आणि मी? मी येत होते की."

"तू तपासणीला येतेस. अधिकाऱ्याला मध्येच कामाला कसं लावणार?"

अश्लेषाने डोळे पुसले. खांद्यावरची पर्स काढून तिने बाहेर जमिनीवर ठेवली.

"काय करायचं दारात?"

"उभं राहायचं. अधूनमधून हाक मारायची. मी उत्तर दिलं नाही तर आत यायचं नाही."

"म्हणजे?"

"आत यायचं नाही. वाचवायला धावतो तोही मरतो. आधी फोन, मग आरडाओरडा. कळलं?"

"नाही कळलं," ती म्हणाली. "पण उभी राहते."

श्रीनिवास सिलिंडरपाशी गुडघ्यावर बसला. सील फाडलं, नळी जोडली, पाना फिरवला. जोडावर त्याने साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे येतात का ते वाकून पाहू लागला.

"बाबा?"

"आहे."

त्याने झडप जराशी उघडली. बारीक फुसफुस झाली आणि थांबली.

"बाबा?"

"अगं, आत्ताच तर..."

"उत्तर दे."

"आहे, बाई. आहे."

त्याने वळून पाहिलं. अश्लेषाने ते जड दार पाठीने भिंतीकडे रेटून धरलं होतं. दार मिटू नये म्हणून श्रीनिवासने त्याच्याखाली लाकडाची पाचर आधीच ठोकलेली होती. तिच्या पायाशीच होती ती. तिने खाली वाकून ती पाहिली, बोटाने हलवूनही पाहिली; घट्ट होती. तरी पुन्हा दाराला पाठ लावून उभी राहिली.