पाचवा ग्लास

पाचव्या बाटलीचं झाकण अंगठ्याने तिसऱ्यांदा दाबून हेमराजने ती पुन्हा ओल्या गोणपाटाखाली सरकवली. झाकण बसल्यासारखं दिसत होतं. बसलेलं नव्हतं.

पाच बाटल्या, पाच प्रकारची इंग्लिश एल, बिअरचीच एक जात. इंग्लंडहून मुंबईला, मुंबईहून शहाद्याला, आणि शहाद्याहून धडगावला त्याच्या मांडीवर, वडाप जीपमधून. चांदसैली घाटातल्या एका वळणावर जीप आदळली, उन्हाने तापलेल्या पाचव्या बाटलीचं झाकण सैल झालं आणि फेस त्याच्या पँटीवर आला. धडगावला उतरला तेव्हा तळाशी चार बोटं उरली होती.

खोकं हातात देताना हॉटेलमालक तरुणशेठने एकच वाक्य सांगितलं होतं. "एक बी बाटली फुटनी ते तू घर."

बाटली फुटली नव्हती. पण घर म्हणजे काय, हे हेमराजला ठाऊक होतं. घर म्हणजे दिवाळीनंतर बायकोला, काजलला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणं. हॉटेलातली ही नोकरी लागून त्याला आठच महिने झाले होते.

म्हणून काल तो पाड्यावर जाऊन आला. त्याच्या आईने, रेवाबाईने, माठात मोहाची फुलं आंबत घातली होती, अजून भट्टीवर चढवलेली नव्हती. वरचं पाणी तिने फडक्यातून गाळलं. रंग तांबूस, वर हलका फेस. बाटलीतल्या चार बोटांशी ताडून पाहिला, फरक दिसेना.

"कोणाला पाजणार?" रेवाबाईने विचारलं.

"लंडनला शिकून आलेली बाई आहे."

"मग दोनदा गाळते."

तिने बोटाचं टोक बुडवून तीन थेंब जमिनीवर सोडले आणि मगच बाटली भरायला घेतली.

"आई, इथे बाटली भरायची पडलीय, आणि तू सांडतेस."

"आधी वाडवडलांना. त्यांना न देता कोणी पितं का?"

आज सकाळी अकरा वाजता मॅडम आल्या. रिना मॅडम, पुण्याच्या. दारू चाखणं हाच त्यांचा धंदा. तरुणशेठ जैन घरातला, थेंबही न घेणारा. नव्या हॉटेलात उन्हाळ्यासाठी कोणती एल ठेवायची हे सांगायला त्याला दुसऱ्याची जीभ लागत होती. घाटाने तो पिवळा पडला होता, दोनदा गाडी थांबवून उतरला होता. मॅडमना घाट लागला नव्हता. गाडीही त्यांनीच चालवत आणली होती.

"गाव कोणतं तुमचं?" त्यांनी हेमराजला विचारलं.

"इथून पुढे, नदीकडे."

"अलीकडचा पाडा की पलीकडचा?"

"पलीकडचा."

त्यांनी मान हलवली आणि खुर्ची सोडून अंगणातल्या झाडाखाली ओट्यावर बसल्या. बाटल्या फ्रिजमध्ये नाहीत, गोणपाटाखाली आहेत, हे पाहून त्या म्हणाल्या, "बरं केलंत. माठातल्या पाण्याइतकीच गार हवी. जास्त गार केली की चव मरते."

हेमराजने पाच ग्लास मांडले आणि ओतायला घेतलं.

मॅडम घोट घेत, तोंडात फिरवत, शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकत.

"पहिली काळी. थंडीत ठीक. उन्हाळ्यात ही म्हणजे गोधडी पांघरून बसणं." तरुणशेठ लिहून घेत होता. "दुसरी गोड आहे, एका ग्लासातच कंटाळा येईल. तिसरी..." त्यांनी पुन्हा घोट घेतला. "लिंबाच्या सालीचा वास. हलकी. भर दुपारी दोन घेतल्या तरी माणूस धड चालेल. चौथी कडू. काही लोक मागतील, पण थोडेच."

हेमराज भांडं रिकामं करायला वाकला. सरळ झाला तेव्हा पाचवा ग्लास मॅडमच्या हातात होता.

त्यांनी तो नाकाशी नेला. तिथेच धरून ठेवला. मग तोंडाला न लावता खाली ठेवला.

"हा कोणी ओतला?"

"मी."

"बाटली द्या."

त्याने दिली. मॅडमनी तिचं तोंड हुंगलं. खाली पडलेलं झाकण उचललं, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग हेमराजकडे पाहत राहिल्या. हेमराजला ऊसतोडीचा ट्रक दिसला, फाळक्याला धरून चढणारी काजल दिसली.

"काय व्हयनं रे हेमराज?" तरुणशेठने वही मिटली.



"त्यांचं काही नाही, शेठ," मॅडम म्हणाल्या. "उन्हात झाकण सैल पडलं, एल गेली. एवढ्या लांबून येताना एखादी जातेच. पाचवी यादीतून काढा. तिसरी मागवा."

"बाकी चार बराबर ना?"

"बाकी चार उत्तम आल्या. सांभाळून आणल्यात."

तरुणशेठने पाचव्या ओळीवर रेघ मारली. "हाई फेकी दे," ग्लासकडे बोट दाखवून तो हेमराजला म्हणाला, आणि मुंबईला फोन लावायला, रेंज शोधत फाटकाकडे गेला.

हेमराजने ग्लासला हात घातला. मॅडमनी त्यावर तळवा ठेवला.

"राहू द्या."

थुंकायचं भांडं त्यांनी बाजूला सरकवलं. पायांतल्या चपला काढल्या. तरुणशेठची पाठ फिरलेली आहे ना, ते एकदा पाहिलं.

मग ग्लासात बोटाचं टोक बुडवून त्यांनी तीन थेंब जमिनीवर सोडले, आणि मगच घोट घेतला.