वीस रीडिंगची सरासरी

टेबलावर सात वस्तू होत्या. दोन मोबाइल, एक स्टँड, वही, पेन्सिल, इन्सुलिनचं पेन आणि अर्धा कप चहा. संभाजीनं त्या दोनदा मोजल्या. कारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एकदा मोजून चैन पडत नाही.

निकितानं कप उचलला. "चहा टेस्टमध्ये नाहीये, बाबा."

"मग सहा," संभाजी म्हणाला.

रविवारची सकाळ होती. बंगळुरूच्या एका संघानं निकिताला बोलावलं होतं. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात तिनं गेल्या वर्षभरात नाव काढलं होतं. संघाच्या घरात राहायचं, रोज आठ तास सराव, महिन्याला पगार, वर्षाचा करार. शेवटची एकच अट उरली होती. स्क्रीन हिरवी झाली रे झाली की अंगठा टेकवायचा, एका बैठकीत वीस वेळा. सरासरी दोनशे मिलिसेकंदांच्या आत हवी. कुणी लबाडी करू नये म्हणून हाताचं स्लो मोशन चित्रण सोबत पाठवायचं.

महिन्यापूर्वी संभाजीचा या सगळ्याला साफ विरोध होता. शेजारच्या शैलावहिनींनी तर सांगितलंच होतं, खेळायचा पगार मिळत असेल तर झोपायचा कुठं मिळतो तेही विचारून ठेवा, आमच्या ह्यांचा अर्ज तयार आहे. निकिता मात्र भांडली नव्हती. बी.एस्सी. झालेली पोर. तिनं दोन पानांचा तक्ता करून बापापुढं ठेवला. या धंद्यात किती येतात, किती टिकतात, किती कमावतात. हजारात एखादाच टिकतो, हेही तिनं झाकून ठेवलं नव्हतं.

मग संभाजीनं संघाचे प्रशिक्षक योगेश यांना फोन लावून अकरा प्रश्न विचारले. पीएफ कापता का, मनगट दुखावलं तर औषधपाणी कुणाचं, हात कितव्या वर्षी मंदावतो. पंचविशीनंतर, असं योगेश म्हणाले. निकिता एकवीस वर्षांची. म्हणजे चार वर्षं, आणि पदवी तर कुठं पळून जात नव्हती. हजारातली ती एखादी आपली मुलगी आहे की नाही, हे मोजता येण्यासारखं होतं. जे मोजता येतं त्याला न मोजता नाही म्हणणं संभाजीला जमेना.

अडचण वेगळीच होती. बायको गेल्यापासून दोन वर्षं त्याचं इन्सुलिन निकिताच टोचत होती. केसाच्या जाडीचे भाग मोजणारा हा माणूस सुई दिसली की लटपटायचा. म्हणून गेला महिनाभर, ती घरात नसली की तो मोसंबीवर सराव करत होता.

"आज मी घेतो," तो म्हणाला.

त्यानं अठरा युनिट लावले, सदरा वर केला. पहिल्यांदा सुई तिरकी गेली. दुसऱ्यांदा बसली. सदऱ्याला रक्ताचा थेंब लागला, तो त्यानं तळव्यानं झाकला.

"बघ. झालं. एवढंच तर असतं."

निकितानं त्याचा हात बाजूला केला, तिथं कापूस धरला आणि सदऱ्यावरचा डाग पाहिला. मग म्हणाली, "हो. जमलं तुम्हाला."

टेस्टला तीन मिनिटं लागली. निकिता खुर्चीत ताठ बसली, संभाजी मागं उभा राहून आकडे लिहीत गेला. दोनशे एकतीस. दोनशे एकोणीस. दोनशे अठ्ठावीस. दहाव्या आकड्यानंतर त्याची पेन्सिल जड झाली. वीस झाल्यावर त्यानं सरासरी काढली, पुन्हा काढली. दोनशे सव्वीस.

परत घेऊ, असं तो म्हणाला. हात गार पडले असतील, चहाही पुरता प्यायली नाहीस.

"एकदा घेतलेलं रीडिंग खोडायचं नाही, हे कुणी शिकवलं मला?" निकिता हसली. "बाबा, हजारात एक म्हणजे नऊशे नव्याण्णव घरीच असतात. मी कळवते योगेश सरांना."

आणि कळवलंही. मग तिनं पिठल्याला फोडणी दिली, गाणं गुणगुणत भाकरीचं पीठ पाहिलं, ते संपलेलं होतं म्हणून डबा घेऊन गिरणीत गेली. जाताना पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाबद्दलही बोलली. विद्यापीठात मिळाला तर आपल्या धायरीतून बस आहेच, म्हणाली. पोर धीराची, असं संभाजीला वाटलं. त्याच्यानं मात्र राहवेना.

तपासणी विभागात आणखी एक रीत होती. माल नापास झाला तर भंगारात टाकण्याआधी मोजण्याचं साधन तपासायचं. सकाळी ती रीत पाळायची राहूनच गेली होती. निकिताचा फोन जुना, काच तडकलेली. काय सांगावं, तोच उशिरा नोंद करत असेल.

त्यानं चष्मा पुसला आणि स्टँडवरच्या आपल्या मोबाइलनं सकाळी घेतलेलं चित्रण लावलं. सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम. एकेक फ्रेम पुढं सरकवत तो मोजू लागला. काच हिरवी झाली, ती शून्य. अंगठा टेकला, ती पंचावन्न, म्हणजे दोनशे तीस मिलिसेकंदांच्या आसपासच. अंगठा टेकल्याबरोबर आकडा उमटत होता. फोनचा दोष नव्हता.

फोन खाली ठेवता ठेवता तो थांबला. फ्रेमा उलट्या सरकवून त्यानं पुन्हा पाहिलं. चाळिसाव्या फ्रेमलाच अंगठा खाली येऊन काचेपासून केसभर अंतरावर पोचला होता. एक्केचाळिसाव्यालाही तो तिथंच होता. पन्नासाव्यालाही.

त्यानं दुसरं रीडिंग पाहिलं. तिसरं. मग वीसही. कुठं चौदा फ्रेम, कुठं सोळा, अंगठा काचेच्या वर अधांतरी थांबत होता आणि मगच टेकत होता.

संभाजीनं वहीत नवा रकाना आखला. अंगठा काचेजवळ पोचेपर्यंतचा वेळ. वीस आकडे लिहिले, बेरीज केली, भागाकार दोनदा केला.

सरासरी एकशे चौसष्ट मिलिसेकंद.