पिंपाचं तोंड

थोरल्या नातवाचं बारसं झालं, त्या वर्षी आमच्या वेल्डिंगच्या दुकानात एक साहेब बिअरचं रिकामं स्टीलचं पिंप घेऊन आले. वरचा भाग कापून, खाली तोटी बसवून त्यांना घरी बिअर शिजवायला पातेलं करून हवं होतं.

"साहेब, लोक बायकोला चुकवून बाहेर पितात, अन् तुम्ही घरातच चूल मांडताय!" आमचे हे म्हणाले. साहेब लाजून हसले.

यांचा जन्म तेलाची पिंपं कापण्यात गेला होता. आत पेट्रोलची वाफ राहिली तर पिंप ठिणगीनं फुटतं, म्हणून हे तोंड उघडतानाच नाक जवळ नेऊन वास घेत आणि मगच कापायला बसत. त्या सवयीनंच ते आजवर वाचले होते.

"चहा निवतोय, या आधी," मी हाक मारली.

"वास घेतो अन् आलोच," म्हणत ते पिंपावर वाकले आणि पेचकसानं तोंडाची कडी उचकटली.

आत बिअर नव्हती, पण ती तोटीतून वर ढकलायला दाबून भरलेला वायू तसाच होता. कडी निघताच तिनं अडवून धरलेली, तोंडापासून तळापर्यंत गेलेली स्टीलची नळी उसळून त्यांच्या कपाळात शिरली.

"मी हलवून पाहिलं होतं हो, रिकामंच होतं," साहेब रडत सांगत राहिले. मी जखमेवर पदर दाबून धरला, तरी रक्त थांबेना.

माझे पती कोंडीराम पांचाळ मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, भर दुपारी, दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात गेले.