पातेल्यातली पुरचुंडी

"पातेलं रिकामं करायचं नाही हं," लेकीने निघता निघता पुन्हा बजावलं. "तळाशी डावभर तरी राहू द्या."

"अगं, तुझ्या आईच्या हाताखाली जन्म काढलाय मी," बाबा म्हणाले. "तू वाचनालय सांभाळ. पातेलं मी सांभाळतो."

आईची रीतच तशी होती. पहिल्या थंडीला मोठ्या पातेल्यात सूप चढायचं, ते थंडी सरेपर्यंत संपायचं नाही. रोज तळाशी थोडं जुनं ठेवायचं आणि त्यावर बाजारात आलेलं नवं घालायचं. कधी गाजर, कधी लाल भोपळा, कधी कोवळा मटार. आत दोऱ्याला बांधून सोडलेली मसाल्याची पुरचुंडी असायची. मिरी, लवंग, दालचिनी, सुंठेचा तुकडा, सगळं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं. सकाळी खळखळून उकळी आली की पातेलं भुशाने भरलेल्या लाकडी पेटीत जायचं आणि वर जाड रजई. संध्याकाळी झाकण काढावं तर जीभ भाजेल इतकं गरम.

यंदाची पुरचुंडीही आईनेच बांधली होती. आठवडा झाला नाही तोच ती गेली.

त्यानंतर लेकीच्या घशाखाली घास उतरेना. शेजारपाजारचे डबे जसेच्या तसे परत जात. मग एका संध्याकाळी बाबांनी पेटी उघडून वाटीभर सूप तिच्यापुढे ठेवलं. त्या धावपळीच्या दिवसांतही त्यांनी सकाळची उकळी चुकवली नव्हती. वाफ वर आली. तोच वास. आई जणू मागे उभी राहून पदराला हात पुसत होती. लेकीने वाटी संपवली आणि दुसरी मागितली.

तेव्हापासून कामं वाटली गेली. भाजी चिरायची तिने आणि पहाटे उठून उकळी द्यायची बाबांनी. पुरचुंडीला मात्र ती बोट लावत नसे. आईच्या हातची ती शेवटची गाठ होती.

आणि आईची गाठ म्हणजे दगड! दात लावल्याशिवाय सुटायची नाही. बाबांचं उलट. त्यांची उमर ट्रकवर माल बांधण्यात गेली. त्यांनी बांधलेली दोरी शंभर खड्ड्यांत हलायची नाही, पण मोकळं टोक ओढलं की पटकन सुटायची.

"सोडणाऱ्याचा विचार करून गाठ मारावी," बाबा म्हणायचे.

"मी बांधलेलं मुळात सोडायचंच कशाला?" आई म्हणायची.

थंडी वाढत गेली. खिडकीच्या काचा पांढऱ्या पडल्या. संध्याकाळी लेक घरात शिरली की बाबा पहिला प्रश्न एकच विचारत, "वास येतोय का गं?" गोदामातल्या धुळीने त्यांचं नाक कधीच गेलं होतं.

"येतोय बाबा. जरा मंद झालाय आज."

ते मान हलवत. पण दोन दिवसांनी पाहावं तर वास पुन्हा पहिल्यासारखा भरून आलेला असे. ती झाकण हातात धरून तशीच उभी राहायची. याला काय म्हणावं, ते इतक्या पुस्तकांत तिने कुठे वाचलं नव्हतं.

एकदा आत्या आली. बाबांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ. "दोन महिने तीच पुरचुंडी? अगं, मसाल्याचा जीव तो केवढा! आठवड्यात चोथा होतो त्याचा. तुम्ही दोघं वेडे झालात की काय?"

लेकीने फक्त झाकण उचललं.

आत्या पुढे वाकली आणि तशीच थांबली. बऱ्याच वेळाने तिने चष्म्यावरची वाफ पुसली. "वहिनी," एवढंच पुटपुटली आणि स्वयंपाकघरात चप्पल घालून आल्याचं ध्यानात येऊन ती बाहेर काढून ठेवून आली.

बाबा भिंतीकडे तोंड करून रजईची घडी घालत होते.

"तूही खा रे," आत्या म्हणाली. "गालफडं बसलीत तुझी."

"ती जेवली की मी जेवतो."

घर हळूहळू रुळावर आलं. लेक आता पोळी खाऊ लागली, भात खाऊ लागली, वाचनालयातल्या गमती सांगू लागली. एकदा कपडे वाळत घालताना तिने बाबांना दटावलंसुद्धा. "बाबा, निळ्या काठाचे डझनभर रुमाल होते तुमचे. चारच उरलेत. हरवता कुठे?"

"खिशाला भोक पडलंय."

"सगळ्या खिशांना?"

"म्हातारपण गं," बाबा म्हणाले.

मग एका सकाळी काचा स्वच्छ दिसल्या. दुपारी स्वेटर नकोसा झाला. थंडी सरली की पातेलं संपवायचं, हीसुद्धा आईचीच रीत.

त्या संध्याकाळी दोघांनी तळाचं सूप अर्धं अर्धं घेतलं. शेवटचा घोट लेकीने बराच वेळ तोंडात धरला.

"यापुढे जेवशील ना नीट?" बाबांनी विचारलं.

"जेवेन."

ते उठले आणि पाय मोकळे करायला बाहेर पडले.

तिने पुरचुंडी पातेल्यातून काढली. सुपाने ती पिवळीजर्द झाली होती, फडक्याच्या कडा आत दुमडलेल्या. ती सोडायची नव्हतीच. वाळवून आईच्या फोटोमागे जपून ठेवायची होती. तिने ती नळाखाली हलकेच धुतली, हुंगली, डोळ्यांना लावली आणि खिडकीच्या खिळ्याला टांगायला म्हणून दोऱ्याचं मोकळं टोक ओढलं.

गाठ पटकन सुटली. टपोरी, काळीभोर मिरी टपटपत ओट्यावर पसरली आणि तिच्या हातात उरला निळ्या काठाचा रुमाल.