मार्ग मोकळा

टक्.

काठी वाकली. थोरल्या जावयाने ब्रेककडे हात नेला आणि तसाच परत आणला.

त्याच्या इंजिनापुढे एकच उघडा डबा होता. डब्यावर विमानाच्या धडाच्या मापाची लाकडी चौकट, आणि चौकटीला चहूबाजूंनी साळिंदरासारख्या वेताच्या काठ्या. विमानाचं धड एका गावी बनायचं, पंख दुसऱ्या, आणि जोडणी तिसऱ्याच गावी. धड रुळांवरून न्यायच्या आधी ही चौकट त्या मार्गावरून फिरवून आणायची. काठीला काही लागलं की थांबायचं, जे लागलं ते बाजूला करायचं, परत येऊन रिपोर्टावर सही करायची. मग खरं धड निघायचं. ते एकदा निघालं की मध्ये कुठेही थांबवायचं नाही, असा कडक नियम. आणि ते न्यायचा साडू.

साडू नोकरीत सहा वर्षांनी मागचा. पण दोघांची परीक्षा एकाच दिवशी झाली होती. इंजिनात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि गाडी न हिंदकळवता दोन स्टेशनं न्यायची. थोरल्याच्या पेल्यातून तीन थेंब सांडले. साडूच्या पेल्यातून एकही नाही. त्याला तहान लागली होती, म्हणून निघताना त्याने त्यातलंच घोटभर पिऊन घेतलं होतं. परीक्षकाने याची नोंद ‘प्रसंगावधान’ अशी केली.

तेव्हापासून सासरी तो ‘विमानवाले’ आणि हा ‘चौकटवाले’. मेहुणी शेजारणीला सांगायची, “आमचे हे सकाळीच विमान घेऊन गेले.” ते विमान ताशी वीस किलोमीटरने जायचं, त्याला पंख नव्हते, आणि एकदा एक दूधवाला सायकलवरून त्याला मागे टाकून गेला होता. पण हे जो सांगतो त्यालाच लोक जळका म्हणतात. बायकोने एकदा सहज विचारलं, “तुमच्या डब्यात नेमकं काय असतं हो?”

“विमानाएवढी रिकामी जागा,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

खरं तर धडही आतून रिकामंच असायचं. दोघेही पोकळीच वाहत होते. साडूच्या पोकळीला पत्रा होता, एवढंच.

आणि आज हे छत. सासऱ्यांचं घर मधल्या छोट्या स्टेशनाला लागून. चौकट तिथून जायची तेव्हा सासरे व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असायचे, आणि चार वर्षांत तो पेपर एकदाही खाली झाला नव्हता. आज मात्र त्यांनी फलाटावर बांबू रोवून कापडाचं छत घातलं होतं. खाली खुर्च्या. सासूबाई स्टुलावर चढून कागदी फुलं बांधत होत्या. धाकट्याचं विमान बघताना पाहुण्यांना ऊन लागायला नको ना. कोपऱ्यातला एक बांबू रुळांकडे कलला होता. वीतभरच. तोच काठीला लागला होता, आणि छताच्या गडबडीत ते कुणाला ऐकूही गेलं नव्हतं.

थांबायचं म्हणजे खाली उतरून म्हणायचं, “मामा, विमानवाल्यांचं छत जरा नीट बांधू या,” आणि मग आपणच बांबू धरून उभं राहायचं. हे चित्र त्याने मनात नीट पाहून घेतलं. मग दुसरं पाहिलं. साडूचं विमान, सासऱ्यांचाच बांबू, आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर धडाच्या त्या हिरव्या रंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओरखडा. त्याला दुसरं चित्र आवडलं.

परत येताना काठी त्याच बांबूला पुन्हा लागली. काठीला नातीगोती नव्हती.

यार्डात त्याने रिपोर्ट लिहिला. ‘मार्ग मोकळा. अडथळा नाही.’ सही नेहमीपेक्षा वळणदार आली. यार्डमास्तरांनी शिक्का मारला.

वळून बघतो तर मागे साडू. इस्त्रीचे कपडे, पण ड्रायव्हरचे नाहीत. गळ्यात कॅमेरा.

“चला साडूभाऊ, चढा,” साडू म्हणाला. “आज धड तुम्ही न्यायचं.”

“म्हणजे?”

“महिनाभर साहेबांच्या मागे लागलो होतो. काल मंजुरी आली. त्या दिवशीचं ते घोटभर पाणी काही मला पचलेलं नाही बघा. घरी सांगूनच टाकलं, या खेपेला विमान थोरले जावई आणतायत. मामा सकाळपासून राबतायत तुमच्यासाठी. सासूबाई तर स्टुलावर चढल्यात, या वयात.”

यार्डमास्तरांनी किल्ली पुढे केली.

समोर धड उभं होतं. लांबलचक, हिरवं, गुळगुळीत. ओरखडा शोधून सापडला नसता. त्याने किल्ली घेतली. मग “एक मिनिट” म्हणून बाजूला गेला आणि सासऱ्यांना फोन लावला. फोन वाजत राहिला. मामांचा फोन घरात आणि मामा फलाटावर. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“चला की,” साडू कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला. “पायरीवर एक पाय ठेवा. हां, असा. जरा हसा.”

त्याने पायरीवर पाय ठेवला. हसण्याचा प्रयत्न केला. मग पाय खाली घेतला.

“मास्तर, तो रिपोर्ट द्या जरा इकडे.”

“का हो?”

“मधल्या स्टेशनावर छताचा एक बांबू पुढे आलाय. वीतभर. धडाला लागेल.”

यार्डमास्तरांनी रिपोर्टाकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “अहो, आत्ताच तर तुम्ही मार्ग मोकळा म्हणून सही केलीत.”

थोरला जावई किल्ली टेबलावर ठेवत, साडूकडे न बघता म्हणाला, “तेव्हा गाडी हे नेणार होते.”