दाबाची मर्यादा

"लष्कराने पास केलेली काडतुसं आहेत, मॅडम. तुम्ही कोण अडवणाऱ्या?" कारखान्याचे व्यवस्थापक निंबाळकर यांनी दाखला तपासनीस हेमांगीसमोर सरकवला.

"यांच्या स्फोटाचा दाब लष्करी पिस्तूल सोसतं, साहेब. पण ही पेटी नेमबाजी क्लबात चाललीय. तिथली पिस्तुलं बाजारातल्या कमी दाबाच्या काडतुसांसाठी घडवलेली. एखाद्या पोरीच्या हातात पिस्तूल फुटलं तर?"

"सही करा, नाहीतर बदली."

मुलीची दहावी, सासूबाईंचं आजारपण, सगळं हेमांगीच्या डोळ्यांपुढून गेलं. तिने पेन उघडलं आणि दाखल्यावर ठळक अक्षरांत 'क्लबासाठी नामंजूर' लिहून खाली सही ठोकली.

"आता बदलीचा कागद आणा," ती म्हणाली, "त्यावरही लगेच करते."

महिन्याभरात बदली झाली. ती पेटी मात्र क्लबात कधीच पोचली नाही.